ते आपलं हे

हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाईक वस्तूचं नाव घेऊन येत नाही, हातवारे घेऊन येतं. अंगठा आणि बोट यांच्यात फट धरून म्हणतं, "काका, ते हे द्या ना. एवढंसं असतं बघा, गोल, नळाच्या आत बसतं." दुसरं म्हणतं, "ते आपलं हे, दाराला वर लावतात, दार आपोआप बंद होतं ते." तिसरं तर बोलतच नाही, नुसतं तोंडाने खर्र असा आवाज काढून दाखवतं. अशा वेळी काउंटरमागच्या माणसाने हसायचं नसतं. मागे वळायचं, बरोबर त्या डब्यात हात घालायचा आणि वस्तू समोर ठेवायची. मग गिऱ्हाईकाचा चेहरा जो उजळतो! "हां! हेच!"

खिळेकाकांचा उभा जन्म या "हां, हेच"वर गेला होता. दुकानावर पाटी होती, पाटीवर नावही होतं, पण ते वाचायच्या फंदात कोण पडतंय? अख्खी गल्ली त्यांना खिळेकाका म्हणे आणि त्यांच्या बायकोला नुसतं काकू. लोक त्यांची थट्टाही करत. एकदा एक प्लंबर साळसूद चेहरा करून म्हणाला, "काका, माझं ते हे हरवलंय, द्या ना एक." काका मागे वळलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "अक्कल ना? स्टॉक संपलाय. तुझ्याआधी तुझा मेहुणा येऊन गेला."

असा हा माणूस. जगाला वस्तूंची नावं पुरवणारा. आणि नेमकं त्याच्याच बाबतीत ते व्हावं!

झालं असं की सुनेने टॅब आणला. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्याला खिळ्यामोळ्यांत कधी रस नव्हता. सुनेला मात्र होता. पोरगी हुशार, हिशेबाला चोख, आणि बोलायला गोड. तिचं म्हणणं, "बाबा, आता गिऱ्हाईकं फोनवर फोटो दाखवतात, निम्मा माल घरबसल्या मागवतात. आपल्याला कुठे काय आहे ते नुसतं तुमच्या डोक्यात असून चालणार नाही. तुम्ही वस्तू उचला, नाव सांगा, मी टाकते."

काकांना गंमत वाटली. दुपारच्या सामसुमीत दोघं बसले. काका एकेक वस्तू उचलत आणि ऐटीत नाव सांगत. पक्कड. कानस. पटाशी. गुण्या.

"गुण्या?" सून खिदळली. "हे तर एखाद्या उनाड पोराचं नाव वाटतं."

"पोरगा नव्हे, काटकोन बघायचं हत्यार आहे. टाक पुढे."

मग त्यांनी ते उचललं. पितळी, टोकदार, वजनदार, वरून दोरी ओवलेली. गेली कितीतरी वर्षं त्यांनी ते विकलं होतं, पुसलं होतं, दोरी बदलून दिली होती.

"आणि हे?" सुनेची बोटं टॅबवर थांबली होती.

"हे..." काका म्हणाले.

पुढे काही नाही. शब्द जिभेवर होता असंही नव्हे. जिथे शब्द असायचा तिथे मोकळी फळी होती, डबा उचलून नेला की धुळीत नुसता चौकोन उरतो तशी.

"बाबा?"

"अगं, ते हे गं. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी वरून सोडतात ना, ते आपलं हे."

"हो, कळलं. पण नाव काय लिहू?"

तेव्हा काकांच्या लक्षात आलं की आपला उजवा हात हवेत उचललेला आहे, अंगठा आणि बोट यांच्यात फट धरून. त्यांनी तो झटकन खाली घेतला. "राहू दे," ते म्हणाले, "जेवून आल्यावर बघू."

नाव आठवलं ते घरी हात धुताना. "ओळंबा!" ते मोरीतून एवढ्या मोठ्याने ओरडले की काकू धावत आल्या. "अहो, काय झालं?"

"काही नाही. पाय घसरला."

खोटं बोलायची ती सुरुवात होती.

आता एखादं नाव विसरलं तर विसरलं, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्याने काकांचा दादा बघितला नव्हता. दादा म्हणजे थोरला भाऊ. रेल्वेत यंत्रांवर काम केलेला, आडदांड, तोंडाने फटकळ. धाकट्याला त्याने आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. "गाढवा" ही त्याची प्रेमाची हाक. "गाढवा, जेवलास का? गाढवा, तब्येत सांभाळ." दादाचंही असंच सुरू झालं होतं. आधी भिंतीवरच्या घड्याळाला "ते फिरतं ते" म्हणायला लागला. घरचे हसले. मग चपला फ्रिजमध्ये सापडल्या. तेव्हाही हसले, पण जरा कमी. आणि मग एका सकाळी काका त्याला भेटायला गेले तेव्हा दादा खुर्चीतून उठून उभा राहिला, हात जोडले आणि अगदी अदबीने म्हणाला, "या, या. बसा ना. कोणाकडे आलात आपण?"

गाढवाला "बसा" म्हटलं त्याने! काका बसले. डॉक्टरांनी पुढे मोठमोठी नावं घेतली, गोळ्या दिल्या, मेंदूचे फोटो काढले. काकांना त्यातल्या कशाची गरज लागली नाही. त्यांना कळायचं ते त्या एका "बसा"ने कळून चुकलं होतं. दादा पुढे बराच काळ जगला आणि शेवटपर्यंत त्यांच्याशी फार सभ्यपणे वागला.

म्हणून ओळंबा विसरल्यावर काकांचं धाबं दणाणलं. आणि भीतीची गंमत अशी की ती एकदा घरात शिरली की तिला प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी सापडतंच. समोर टॅब आला की काकांना घाम फुटायचा. "नाव सांगा बाबा" म्हटलं की डोकं पुसून टाकल्यासारखं कोरं व्हायचं. सकाळी दाढी करताना ते आरशात बघून पुटपुटायचे: पक्कड, पाना, कानस, करवत, गिरमिट, रंधा. एखादं अडलं की वस्तरा तिथेच थांबायचा. हनुवटीवर रोज नवीन चीर दिसायला लागली.

एकच जागा उरली होती जिथे त्यांना सुखाने श्वास घेता यायचा, आणि ती म्हणजे काकूंच्या शेजारी. कारण काकूंबरोबर नावं लागतच नसत.

"अहो, ते हे जरा बंद करा."

"पंखा?"

"हां. आणि ते आणलंत का? ते हो, परवा संपलं ते."

"साबण. आणलाय. कपाटात ठेवलाय."

"बरं झालं. मग त्या ह्यांनी काय सांगितलं?"

"दूधवाल्याने? उद्यापासून उशिरा येणार म्हणाला."

सून डोक्याला हात लावायची. "तुमची ही कुठली भाषा आहे हो? मी नवीन आले तेव्हा मला वाटलं मलाच कमी ऐकू येतंय."

"ही संसाराची भाषा आहे," काका म्हणायचे. "मुरायला वेळ लागतो. तुझा नवरा जहाजावरून उतरेल तेव्हा शिकशील." काकू हसायच्या आणि हातातलं काम पुढे चालू ठेवायच्या.

खरं तर काकू आधी अशा नव्हत्या. त्या शाळेत भाषा शिकवायच्या. वर्गात एखादं पोर "बाई, ते हे" म्हणालं की संपलंच. "हे म्हणजे काय? त्याला नाव नाही? त्याच्या आईने ठेवलं नाही?" असं म्हणून बाकावर उभं करायच्या. घरातही तोच खाक्या. आणि चिडल्या की नवऱ्याला पूर्ण नावाने हाक मारायच्या, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. ओला टॉवेल पलंगावर पडला की ही त्रिखंडी हाक स्वयंपाकघरातून यायची आणि काका त्या दिवशी दुकान जरा लवकरच उघडायचे. आताशा ती हाक ऐकू येत नव्हती. टॉवेल पलंगावर तसाच वाळायचा. काका मनाशी म्हणायचे, बाई वयाबरोबर निवळली. चला, आपल्या नशिबात म्हातारपणी का होईना शांती होती.

आणि या शांतीतच त्यांना आपली शोभा करून घ्यायची नव्हती. काकूंना काही कळता कामा नये, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं. दादाच्या बायकोचे हाल त्यांनी बघितले होते. आपण एक दिवस काकूंसमोर उभे राहून हात जोडणार, "बाई, आपण कोण?" म्हणणार, या विचाराने त्यांना जेवताना घास गिळवत नसे.

मग किल्ल्यांचं प्रकरण झालं. सकाळी दुकान उघडायला निघाले तर दारामागच्या आकड्यावर किल्ल्या नाहीत. खिसे पाहिले, गाद्या उलट्या केल्या, चपलांच्या खणात बघितलं. शेवटी सुनेने पिठाचा डबा उघडला आणि ती तशीच उभी राहिली. पिठात अर्ध्या रुतलेल्या किल्ल्या.

"बाबा... या इथे कशा?"

काकूंनी डब्यात डोकावून बघितलं, मग काकांकडे बघितलं आणि खळखळून हसल्या. "अहो, काय हे!"

काकाही हसले. काहीतरी विनोद करायला हवा म्हणून म्हणाले, "उंदराला धंदा काढायचा असेल." किल्ल्या आपण आकड्यालाच अडकवल्या होत्या, हे ते शपथेवर सांगायला तयार होते. पण शपथा तर दादाही घ्यायचा. फ्रिजमधल्या चपलांच्या वेळी त्याने मुलांच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं की मी नाही ठेवल्या.

त्यानंतर गॅस. काका पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर शेगडी भडभड पेटलेली, वर भांडं नाही, काही नाही. जवळच्या पडद्याची कड गरम लागत होती. मघाशी चहा गरम करायला आपणच आलो होतो का? आलो असू. त्यांनी घाईघाईने बटण फिरवलं, खिडकी उघडली, पडदा बाजूला बांधून टाकला आणि बाहेर येऊन पेपर वाचत बसले. पेपर उलटा धरला होता की सुलटा, देव जाणे. काकू शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. सुनेलाही पत्ता लागू दिला नाही. चोराने मागे काही ठेवू नये तसं काकांनी सगळं आवरून ठेवलं.

त्या आठवड्यात त्यांना धड झोप लागली नाही. आणि झोप नसलेल्या त्या अवस्थेत तो टॅक्सीवाला दुकानात आला.

"काका, ते हे द्या. बॅटरीत टाकायचं पाणी."

काउंटरखाली दोन प्रकारचे पांढरे कॅन असतात. निळ्या झाकणाचं बॅटरीचं पाणी आणि लाल झाकणाचं संडास धुवायचं ॲसिड. काकांच्या डोक्यात सकाळपासून गिरमिट, रंधा, पटाशी चाललेलं. त्यांनी वाकून कॅन काढला, पिशवीत घातला, पिशवी टॅक्सीवाल्याच्या हातात दिली. तो पायरी उतरलासुद्धा.

"अहो, थांबा!" सून टॅब टाकून धावली. पिशवीच्या तोंडातून लाल झाकण दिसत होतं. तिने कॅन परत घेतला, दुसरा दिला, माफी मागितली. टॅक्सीवाला मोठ्या मनाचा माणूस. दारातून ओरडला, "काय काका, मला उडवायचा बेत होता काय?" आणि हसत निघून गेला.

काका स्टुलावर बसले ते बसलेच. त्या माणसाने झाकण उघडलं असतं, तोंडावर उडालं असतं, तर? "हां, हेच!" म्हणायलाही तो उरला नसता.

सुनेने शटर अर्धं ओढलं, पाण्याचा ग्लास दिला आणि समोर उकिडवी बसली. "बाबा, मला सांगाल का काय चाललंय?"

तेव्हा त्यांचा बांध फुटला. ओळंबा, टॅब, आरसा, किल्ल्या, गॅस, सगळं सांगून टाकलं. "मला दादाचं झालंय गं," ते म्हणाले. हे वाक्य मोठ्याने बोलल्यावर त्यांना रडूच आलं. दुकानात, भर दुपारी, खिळ्यांच्या डब्यांमध्ये म्हातारा माणूस लहान मुलासारखा रडला.

सूनही घाबरली होती, पण तिने दाखवलं नाही. "आपण डॉक्टरकडे जाऊ. उद्याच."

"आईला सांगू नकोस."

"बाबा, ते घरच्यांना विचारतात. आई तुमच्याबरोबर दिवसभर असतात. त्यांनाच जास्त माहीत असणार. त्यांना यावंच लागेल."

"ती खचेल गं."

"नाही खचणार. तुम्ही समजता तेवढ्या त्या लेच्यापेच्या नाहीत."

घरी काकांनी शक्य तेवढ्या सहजपणे विषय काढला. "सुनेनं हट्ट धरलाय. जरा माझी तपासणी करून घेऊ म्हणते. येतेस ना?"

"येते की," काकू म्हणाल्या. "त्या ह्यांच्याकडेच ना?"

"हां, डॉक्टरकडे."

दवाखान्यात गर्दी नव्हती, तरी काकांना वाटत होतं की सगळे आपल्याकडेच बघताहेत. डॉक्टरबाई तरुण होत्या, सुनेच्याच वयाच्या. त्यांनी सुनेला बाहेर बसायला सांगितलं आणि काका-काकूंना आत घेतलं. काकांचा शर्ट पाठीला चिकटला होता. काकू मात्र आरामात खुर्चीत टेकून खोली न्याहाळत बसल्या.

डॉक्टरबाईंनी आधी इकडच्यातिकडच्या गप्पा मारल्या. मग काही शब्द सांगितले, मध्येच दुसरं बोलत राहिल्या आणि ते शब्द परत विचारले. काकांनी सगळे सांगितले. घड्याळ काढायला लावलं, काकांनी काढलं, काटेसुद्धा बरोबर. मग टेबलावर एकेक वस्तू ठेवली. पेन. कंगवा. चमचा. शेवटी एक कुलूप.

"कुलूप," काका म्हणाले. "पितळी आहे, लिव्हरचं. पण याची कडी झिजलीय हो. हे दाराला लावत असाल तर बदला."

डॉक्टरबाई हसल्या. त्यांनी आणखी बरंच विचारलं. हसत, न रागावता. काका सुरुवातीला अडखळले, पण मग दुकानात बोलल्यासारखे बोलायला लागले. अखेर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, घाबरल्यामुळे तुमची नावं अडतात असं मला वाटतंय. या वयात एखादं नाव उशिरा आठवतं, ते चालायचंच. तुम्हाला आठवतं ना नंतर?"

"आठवतं. मोरीत."

"मग टॅब मोरीत नेत चला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रक्त तपासून घेऊ. झोपेचं बघू. पण आज मला तुमच्यात काळजी करण्यासारखं काही दिसलं नाही."

काकांना आधी कळलंच नाही. मग कळलं आणि छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाहेर फेकल्यासारखं झालं. ते काकूंकडे वळले. "ऐकलंस? काही नाही झालेलं! मी ठणठणीत आहे!" काकूंनी त्यांच्या हातावर थोपटलं. एखादं कुलूप या डॉक्टरबाईंना फुकट देऊन टाकावं, चांगल्यातलं चांगलं, असं काकांना वाटलं.

"एक शेवटचं विचारते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काकू, किल्ल्या आणि गॅसचं काका सांगत होते. घरात तुम्हाला काकांच्यात काही बदल वाटतो का?"

काकू सरसावून बसल्या. एकेकाळी वर्गात बसायच्या तशा, ताठ.

"नाही हो. ह्यांचं चांगलं आहे. फक्त आजकाल ते हे फार करतात."

"काळजी," काका म्हणाले.

"हां, काळजी. आणि सकाळी त्या ह्याच्यासमोर उभं राहून काहीतरी म्हणत असतात."

"आरशासमोर. हत्यारांची नावं म्हणतो मी."

"हां. मग ती आपली ही आहे ना, ती मला म्हणाली..."

"सून," काका म्हणाले.

डॉक्टरबाई कागदावर काही लिहीत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली, काकूंकडे बघितलं आणि मग, अगदी हळू आवाजात, काकांना म्हणाल्या, "काका, तुम्ही जरा थांबा. त्यांना बोलू द्या."

पंख्याचा आवाज येत होता.

"कोण म्हणाली, काकू?"

"ती हो. ही नाही का... बाहेर बसलीय ती." काकू काकांकडे वळल्या. त्यांचा उजवा हात उचलला गेला होता आणि अंगठा आणि बोट यांच्यात फट होती. ती नजर काका जन्मभर ओळखत होते. गिऱ्हाईक काउंटरसमोर उभं राहून अशी बघतं, द्या ना काका, तुम्हाला कळलंय मला काय हवंय ते. त्यांच्या तोंडाशी शब्द आला होता. डॉक्टरबाईंनी मान हलवली. नको.

मग त्यांनी ते कुलूप काकूंसमोर सरकवलं. "काकू, हे काय आहे?"

काकूंनी ते हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि प्रसन्न हसल्या. "हे आमच्या दुकानात असतं की! पुष्कळ आहेत."

"हो ना. काय म्हणतात याला?"

"ह्याला... दाराला लावतात. मग ते हे होतं. मग कुणी येत नाही."

कुलूप, काका मनात ओरडले. कुलूप, किल्ली, कडी, कोयंडा, अडसर, बिजागरी! एवढे दिवस रुसलेला एकेक शब्द धावत आला, तोंडापर्यंत येऊन धडकला, आणि त्यातला एकही त्यांना बायकोच्या हातावर ठेवता येईना. त्यांनी दातांखाली ओठ दाबून धरला. पिठाच्या डब्यात किल्ल्या कुणी ठेवल्या होत्या, गॅस कुणी पेटवला होता, हे आता कुणाला विचारायची गरज नव्हती. पंखा, साबण, दूधवाला. किती दिवस ते तिचे शब्द तिला परत आणून देत होते आणि वर त्याला संसाराची भाषा म्हणत होते. आपल्या भीतीच्या नादात ते रोज तिच्या शेजारी बसत होते आणि त्यांना दिसलं नव्हतं.

"बरं, राहू दे ते," डॉक्टरबाई मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांनी काकांकडे बोट केलं. "हे कोण?"

"हे?" काकू लाजल्या. "हे आमचे हे."

"नाव घ्या ना."

"इश्श!" काकूंनी मान खाली घातली. "नाव काय घ्यायचं."

डॉक्टरबाईही हसल्या. बायका म्हणतातच असं, त्यात काय. पण काकांच्या अंगावर काटा आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही बाई कधी "इश्श" म्हणाली नव्हती. नाव घ्यायला लाजणारी ही बाईच नव्हे. भर गल्लीत, आडनावासकट, खडसावून हाक मारणारी बाई होती ती.

ते खुर्चीतून उठले. डॉक्टर समोर आहेत, आपण कुठे आहोत, कशाचं भान राहिलं नाही. "अगं, रागाव ना माझ्यावर," ते म्हणाले. "आजही ओला टॉवेल पलंगावर टाकून आलोय मी. कालही टाकला होता. रोज टाकतो. रागाव ना गं एकदा. मार हाक."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. शांत, प्रेमळ, जरा नवल वाटल्यासारखं.

"मी कशाला रागावू?" त्या म्हणाल्या. "तुम्ही किती चांगले आहात." आणि शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाल्या, "उभे का? बसा ना."

दादा आयुष्यात कधी "बसा" म्हणाला नव्हता, म्हणून त्याच्या एका "बसा"वरून काकांना सगळं कळलं होतं. पण ही तर लग्नाच्या पहिल्या दिवसापासून त्यांना "बसा"च म्हणत आली होती. या "बसा"वरून कसं ओळखायचं? त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पुन्हा पुन्हा बघितलं, त्यांना काही ओळखता आलं नाही, आणि ते बसले.